परसातली शेड नव्या घरी न्यायची आहे: उचलून, खोलून, की सोडूनच द्यावी?

अंगणवेडी | २३ सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

आम्ही एक्स्टनचं घर विकतोय आणि लॅन्सडेलजवळ घर घेतलंय. दोन्ही पेनसिल्व्हेनियातच, अंतर तीसेक मैल. घरातलं सामान मूव्हर्स नेतील, घोडं अडलंय ते परसातल्या शेडपाशी. लाकडी आहे, ८ बाय १२ फूट, छपरावर कौलांऐवजी शिंगल्सच्या पट्ट्या, मध्यभागी उंची नऊ फूट. खाली काँक्रीटचे ठोकळे. आत लॉनमोअर, स्नोब्लोअर, कुंड्या आणि गणपतीच्या मखराचे तीन खोके.

२०१३ साली आईबाबा सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पहिले पंधरा दिवस त्यांनी टीव्ही पाहिला, पुढचे पंधरा दिवस घरातल्या यच्चयावत बिजागऱ्या नीट केल्या, आणि मग नीट करण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून ही शेड बांधली. एकट्याने. नवरा फक्त फळ्या आणून द्यायचा आणि बोलणी खायचा.

आता तोच नवरा म्हणतो, नव्या मालकाला राहू दे, आपण तिकडे नवी घेऊ. लँकेस्टरकडच्या एकाने तशीच नवी शेड आणून ठेवायचे ४,८०० डॉलर सांगितले. शेड वाहून नेणाऱ्या एकाने न बघताच ७५० सांगितले, वर "बघितल्यावर आकडा बदलेल" हेही सांगितलं. कोणी असा उद्योग केलाय का? रुंदी आठच फूट आहे, म्हणजे रस्त्यासाठी परवाना लागणार नाही असं मी धरून चाललेय.

---

नियमावली | २३ सप्टेंबर

शेडआधी कागद. घराच्या विक्रीचा करार झालाय का? जागेवर बसवलेली शेड घराबरोबर जाते असंच खरेदीदार धरतो, त्यातून लिस्टिंगच्या, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीच्या, फोटोत ती दिसत असेल तर विषयच संपला. न्यायची असेल तर करारात "शेड विक्रीत समाविष्ट नाही" अशी ओळ हवी. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही.

नव्या घराचं म्हणाल तर, पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र एककुटुंबी घराच्या आवारातल्या १,००० चौरस फुटांखालच्या शेडला राज्याच्या बांधकाम संहितेखालची परवानगी लागत नाही. हे ऐकून लोक खूश होतात आणि तिथेच फसतात, कारण टाउनशिपची (म्हणजे स्थानिक प्रशासनाची) झोनिंगची, म्हणजे प्लॉटवर कुठे काय बांधता येईल याची, परवानगी वेगळी. हद्दीपासून किती फूट आत हवी ते प्रत्येक टाउनशिपचं निराळं. शिवाय प्लॉटवर पाणी न मुरणारी जागा किती टक्के चालेल याची मर्यादा असते. आमच्याकडे खडीसुद्धा त्यात मोजतात. मोठ्या हौसेने पॅटिओ केला होता, शेडसाठी साठ चौरस फूट कमी पडले.

एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर देव तुमचं भलं करो.

---

सुतारपक्षी | २३ सप्टेंबर

रुंदी कुठे मोजलीत? भिंतीला की वळचणीला?

रस्त्यावर विनापरवाना कमाल रुंदी ८ फूट ६ इंच, आणि ती मोजतात सर्वांत रुंद जागी. भिंत आठ फुटांची असेल आणि वळचण दोन्हीकडे चार-चार इंच बाहेर असेल तर झाले ८ फूट ८ इंच. दोन इंचांसाठी परवाना. राज्याच्या रस्त्यांना पेनडॉटचा (राज्याच्या वाहतूक खात्याचा), गावातल्या रस्त्यांना त्या-त्या टाउनशिपचा. नेहमीचे शेडवाले हे सगळं स्वतःच काढतात, पण तुमच्या ७५० मध्ये ते धरलंय का ते विचारा. उंचीची काळजी नको. मर्यादा १३ फूट ६ इंच आहे, तुमची शेड ट्रेलरवर चढूनही अकरा-साडेअकराच्या वर जात नाही.

आता एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पालथं पडून शेडच्या खाली लांबीच्या दिशेने जे जाड सोट आहेत त्यांना टोचत जा. सगळं ओझं त्यांच्यावर येणार. टोक अर्धा इंच सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. मग ते आधी बदलायचं, नाहीतर उचलताना जमीन एकीकडे आणि भिंती दुसरीकडे.

हे लोक म्यूल नावाचं छोटं यंत्र आणतात. ते शेडचं एक टोक उचलून धरतं, दुसऱ्या टोकाखाली चाकं सरकवतात, आणि अख्खी शेड हातगाडीसारखी वळवत कलत्या ट्रेलरवर चढवतात. बघायला झकास वाटतं. पण त्याला परसातून रस्त्यापर्यंत दहा-अकरा फुटांची मोकळी वाट लागते. तुमच्या कुंपणाचं फाटक किती फुटी आहे?

---

चहाबाज | २३ सप्टेंबर

एवढं काय त्यात? मराठी मंडळाला जेवायला बोलवा आणि शेड उचलायला लावा.

गंमत नाही. नेब्रास्कातल्या ब्रूनो गावात १९८८ साली ३४४ लोकांनी एक अख्खं बार्न, म्हणजे शेतावरचं कोठार, हातांनी उचलून ११५ फूट नेलं होतं. आत लोखंडी नळ्यांची चौकट बसवली होती, प्रत्येकाने आपापली नळी धरायची. माणशी पन्नास-पंचावन्न पौंड आले. मालकाचं म्हणणं एवढंच, की नाल्याचं पाणी आत येतं.

तीस मैलांसाठी किती माणसं लागतील ते आकडेमोड यांनी सांगावं.

---

कुडाळचो_चेडो | २४ सप्टेंबर

आमच्याकडे ह्येका मांगर म्हणतत. 🙂

बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो. हायवेच्या चौपदरीकरणात आमचा मांगर गेला. चिऱ्याच्या भिंती सोडून द्याव्या लागल्या, पण छपराचं लाकूड आजोबांच्या वेळचं, ते सोडायला आजी तयार नव्हती. मेस्त्री आला. पहिले दोन तास त्याने कशालाच हात लावला नाही, नुसता गेरू घेऊन फिरत होता. प्रत्येक वाशावर, रिपेवर, तुळईवर खूण आणि आकडा. मग कौलं उतरवली, मग रिपा, मग वासे, शेवटी आढं. नव्या जागी उलट्या क्रमाने. दोनशे-अडीचशे तुकड्यांत घोळ झाला तो फक्त दोन वाशांचा, आणि ते आम्ही पोरांनी इकडचे तिकडे ठेवले होते.

तुमच्या बाबांनी शेड कशी जोडलीय ते बघा आधी. खिळे की बोल्ट?

---

अंगणवेडी | २४ सप्टेंबर

नियमावली, करारावर सह्या परवा आहेत. तुमचा प्रतिसाद वाचून एजंटला रात्रीच मेसेज केला. ती ओळ घातली जातेय. खरेदीदाराने बदल्यात काही मागितलं नाही, त्यांना तिथे ट्रॅम्पोलिन लावायचंय म्हणे. नव्या टाउनशिपलाही फोन केला. बाजूच्या आणि मागच्या हद्दीपासून प्रत्येकी दहा फूट, झोनिंगचा एक अर्ज आणि प्लॉटच्या नकाशावर शेडचा चौकोन काढून द्यायचा. एचओए नाही.

सुतारपक्षी, मोजली. ८ फूट ८ इंच! तुम्ही आमच्या परसात येऊन गेला होतात का? सोटांना टोचून पाहिलं. तीन कोपरे दगडासारखे, चौथ्यात स्क्रूड्रायव्हर निम्मा आत. त्याच कोपऱ्यावर छपराचं पाणी पडतं. आणि फाटक चार फुटी आहे. वाट करायची तर कुंपणाचे दोन गाळे काढावे लागतील आणि त्यातला एक शेजाऱ्यांच्या मालकीचा.

बोल्टचं उद्या दिवसाउजेडी बघते.

---

आकडेमोड | २४ सप्टेंबर

चहाबाज, तीस मैलांना माणसं नाही, जेवणावळी मोजाव्या लागतील.

कामाचं बोलू. नव्या जागी ठोकळ्यांवर ठेवू नका, खडीचा चौथरा करा. शेडपेक्षा चारही बाजूंनी एक फूट जास्त, म्हणजे १० बाय १४, १४० चौरस फूट. सहा इंच जाडी धरली तर ७० घनफूट, म्हणजे २.६ घनयार्ड. यार्डाला साधारण १.४ टन, म्हणून साडेतीन-पावणेचार टन. खाली तण रोखणारं कापड, कडेने ६ बाय ६ च्या लाकडाची चौकट. उतार असेल तर आधी जमीन सपाट करा, खडी ओतून उतार भरून काढू नका.

खाणीवर दोन प्रकार मिळतील. २बी म्हणजे धुतलेली पाऊण इंची खडी, २ए म्हणजे बारीक चुऱ्यासकट. २ए घ्या, ठोकली की काँक्रीटसारखी बसते.

---

सुतारपक्षी | २४ सप्टेंबर

साफ असहमत. काँक्रीटसारखी बसते म्हणूनच पाणी धरते, आणि आताचा कोपरा पाण्यानेच खाल्लाय. शेडखाली २बीच. पाणी खाली गेलं पाहिजे.

---

आकडेमोड | २४ सप्टेंबर

माझी नऊ वर्षं २ए वर उभी आहे.

---

सुतारपक्षी | २४ सप्टेंबर

स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिलात का?

---

नियमावली | २४ सप्टेंबर

दोघांनाही: खड्डा खणायच्या आधी ८११ नंबरला फोन. फुकट आहे. पेनसिल्व्हेनियात किमान तीन कामाचे दिवस आधी फोन करायचा, मग गॅस, वीज, केबलवाले येऊन जमिनीवर रंगीत रेघा मारून जातात. सहा इंचांत काय होतंय म्हणू नका, केबलची वायर कधीकधी गवताच्या मुळांशीच असते.

---

मेलबर्नकर | २५ सप्टेंबर

इकडे बहुतेक शेड्या पत्र्याच्या, स्क्रूवर उभ्या. बॅटरीचं ड्रिल घ्या, तीन तासांत सपाट. पण जुनं घर घेणाऱ्यांनी लक्ष ठेवा. १९९० च्या आधीच्या शेडच्या करड्या सपाट भिंतींत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ऑस्ट्रेलियात त्यावर पूर्ण बंदी आली ती २००३ च्या अखेरीस. तशी शेड "सहज खोलून" नेण्याचा विचारही करू नका. तपासून घ्या आणि परवानाधारकाला बोलवा.

धागाकर्तीच्या शेडचा याच्याशी संबंध नाही, कल्पना आहे. पण उद्या कोणीतरी शोधत इथे येईल.

---

अंगणवेडी | २५ सप्टेंबर

मंडळी, बसून वाचा.

आतून कोपऱ्यांवर टॉर्च मारला. चारही कोपऱ्यांत गोल डोक्याचे बोल्ट, आतून वॉशर आणि नट. लांब भिंती अखंड नाहीतच, मध्ये जोड आहे, तिथेही बोल्ट. जमीनसुद्धा ८ बाय ६ चे दोन तुकडे, बोल्टने जोडलेले. दहा वर्षं मी त्या शेडमध्ये जातेय आणि मला पत्ता नाही.

बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "मग? बसची बॉडी खिळ्यांनी ठोकतात का? पत्रा फाटला तर तेवढाच भाग उतरवता आला पाहिजे." मी म्हटलं, तुम्ही हे तेव्हा सांगितलं का नाही? तर म्हणे, "तुम्ही विचारलं नाहीत. जावई फळी उलटी धरून उभे होते."

आणि कुडाळकर, तुमच्या मेस्त्रीचा गेरू इथेही आहे. प्रत्येक भागावर आतून सुताराच्या पेन्सिलीने लिहिलंय. पूर्व १, पूर्व २, पश्चिम १, पश्चिम २, उत्तर, दार. मला वाटायचं ती लाकूड कापायची मापं असतील.

---

कुडाळचो_चेडो | २५ सप्टेंबर

बाबांक माझो नमस्कार सांगा.

---

सुतारपक्षी | २५ सप्टेंबर

वा! मग परवाना, म्यूल, शेजाऱ्याचं कुंपण, सगळं बाद. भिंतीचा तुकडा सहा बाय सात फुटी, २६ फुटी भाड्याच्या ट्रकमध्ये उभा जाईल.

मेख छपरात आहे. शिंगल्स खिळ्यांनी ठोकलेली असतात, ती वाचणार नाहीत. खरवडून टाका. तुमचं छप्पर सव्वाशे चौरस फुटांच्या आतबाहेर असेल, एका गठ्ठ्यात ३३ चौरस फूट झाकतं, म्हणजे चार गठ्ठे आणि आढ्यासाठी एक. खालचं प्लायवूड स्क्रूवर असेल तर नशीब. त्यावर आधी नंबर घाला, बाबांनी घातले नसतील तर.

गंजलेल्या बोल्टांना दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ तेल. आणि भिंत सोडवताना दोन माणसं भिंतीला, तिसरा पान्याला. एकट्याने नाही. छप्पर उतरलं की त्या भिंतींना कोणाचाच आधार नसतो.

---

पानाफुलात | २६ सप्टेंबर

एक वेगळा मुद्दा, कोणी काढला नाही म्हणून. स्पॉटेड लँटर्नफ्लाय. झाडांना घातक असलेला हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो तुमच्या शेजारच्याच बर्क्स काउंटीत, २०१४ साली. तुमच्या जुन्या आणि नव्या घराच्या काउंट्या, चेस्टर आणि माँटगोमेरी, दोन्ही या किड्याच्या क्वारंटाइनमध्ये आहेत म्हणून सोडून देऊ नका. सप्टेंबरपासून माद्या मिळेल त्या पृष्ठभागावर अंडी घालतात. झाडच लागतं असं नाही. दगड, ट्रेलर, शेडची भिंत, काहीही चालतं. वाळलेल्या चिखलाचा पोपडा वाटतो आणि एका पोपड्यात तीस ते पन्नास अंडी. वळचणीच्या खालून, जमिनीच्या तुकड्यांच्या पोटाकडून बघा. जुन्या कार्डाने खरवडून सॅनिटायझर भरलेल्या पिशवीत टाकायचं. नुसतं जमिनीवर पाडलं तर ती मरत नाहीत.

आणि शेडखाली पिवळ्या गांधीलमाश्यांचं मोहोळ असेल तर काम दव गोठायला लागेपर्यंत थांबवा.

---

चहाबाज | २६ सप्टेंबर

मी गमतीत लिहिलं होतं, पण आता शेड तुकड्यांत आहे तर मंडळाच्या जेवणाचा प्रस्ताव गंभीरपणे घ्यावा. मी मालव्हर्नला राहतो, एक्स्टनजवळच. पान्यांचा सेट आहे. भूकही आहे.

---

अंगणवेडी | ६ नोव्हेंबर

शेड पोचली. उशिरा लिहितेय, दिवाळीची साफसफाई आणि हे एकदम आलं.

माणसं पाच: आम्ही दोघं, चहाबाज (खरंच आले), नवऱ्याचे दोन मित्र. सहावे बाबा, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. फोन कुंडीला टेकवून ठेवला होता. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, आई मागून जेवायला हाका मारत होती आणि ते "आधी छप्पर, आधी छप्पर" म्हणून ओरडत होते, कारण नवऱ्याने उत्साहात कोपऱ्याचा पहिला नट सोडला होता.

शिंगल्स खरवडायलाच साडेतीन तास गेले. प्लायवूड स्क्रूवर होतं. एक फळी मात्र पाणी पिऊन फुगलेली निघाली, तीही त्याच कुजक्या कोपऱ्याच्या वर. तिथपर्यंत बाहेरून काहीच कळत नव्हतं. बोल्ट छत्तीस, त्यातले पस्तीस सुटले. छत्तिसावा पिळला तसा तुटला, त्याचं डोकं करवतीने कापून काढावं लागलं. बाबा म्हणाले, "तुम्ही तेल एकदाच घातलं असणार." एकदाच घातलं होतं.

पानाफुलात, तुमचे पोपडे सात सापडले. पाच वळचणीखाली, दोन दाराच्या मागे. तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर चिखल समजून तसेच नेले असते. गांधीलमाश्या नव्हत्या. जमिनीचा तुकडा उचलल्यावर वुडचक नावाच्या प्राण्याचं बीळ मात्र दिसलं. मालक घरी नव्हते.

नव्या जागी चौथरा आदल्या शनिवारीच तयार केला होता. खड्डा खणणं हे सगळ्यात वाईट काम, त्याबद्दल इथे कोणीच पुरेसं घाबरवलं नाही. फावड्याने १४० चौरस फूट! पुन्हा करायचं झालं तर यंत्र भाड्याने आणेन. खडी २बी घातली (सॉरी आकडेमोड). कुजक्या कोपऱ्याचा सोट नवा, ट्रीटेड (कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या) लाकडाचा.

मग जोडताना भिंती उभ्या राहिल्या आणि छपराची कैची बसेना. दीड इंच कमी पडत होतं. आम्ही ठोकत होतो, ढकलत होतो. तासाभराने बाबा झोपेतून उठून परत कॉलवर आले आणि पहिलाच प्रश्न, "कर्ण मोजले का?" नव्हते मोजले. ८ बाय १२ ला दोन्ही कर्ण १४ फूट ५ इंच यायला हवेत, आमचा एक मोठा आणि एक छोटा. शेड चौकोनी नव्हतीच, पतंगासारखी झाली होती. कोपऱ्याचे नट सैल केले, एका कोपऱ्याला चहाबाजांनी खांदा दिला, कर्ण जुळले, कैची टपकन बसली.

खर्च: ट्रक, पेट्रोल, शिंगल्स, खडी, लाकूड, बोल्ट, झोनिंगचा अर्ज मिळून ६९० डॉलर. पाच माणसांचं दोन दिवसांचं जेवण वेगळं. नवरा म्हणतो, मजुरी धरली तर नवी शेड स्वस्त पडली असती. मजुरी धरलेली नाही.

एक वाद अजून चालू आहे. दहा फुटांचा नियम आणि प्लॉटचा आकार बघता शेड नव्वद अंशांत फिरवूनच बसवावी लागली. म्हणजे "पूर्व १" आणि "पूर्व २" आता उत्तरेला आहेत. बाबांना हे काही केल्या पटत नाही. म्हणतात, मी लिहिलंय ना पूर्व, मग पूर्वेला लावायचं. तसं लावलं तर दार कुंपणाकडे उघडतं आणि लॉनमोअर बाहेर येत नाही, हे मी तीन वेळा समजावलं.

---

सुतारपक्षी | ६ नोव्हेंबर

पेन्सिलीवर काट मारून नवी दिशा लिहू नका. पुढच्या वेळी खोलाल तेव्हा गोंधळ होईल.

---

आकडेमोड | ६ नोव्हेंबर

मीही काल स्क्रूड्रायव्हर घेऊन पालथा पडलो होतो. काय दिसलं ते विचारू नका. २बी कुठल्या खाणीवरून आणलीत?

---

अंगणवेडी | ७ नोव्हेंबर

तुमच्या विपूत (विचारपुशीत) पत्ता टाकलाय. पण थांबा. ते पाच टनांखाली पाठवत नाहीत, त्यामुळे आमच्या ड्राइव्हवेवर सव्वा टन खडी पडून आहे. बर्फ पडायच्या आत न्यायला यायचं, फावडं आपलं आणायचं. चहा मी देईन.